रात्री जागणारे मूल

रात्रभर शांत झोपणारे मूल दीड वर्षाचे होण्याच्या सुमारास एकाएकी मध्यरात्री उठून रडू लागते. आईने जवळ घेताच ते निवते. ती दूर झाली की पुन्हा आकांत मांडते. हा हट्ट नव्हे, वाढीचाच एक टप्पा होय. या वयात मूल चालू-बोलू लागते, दाढा येतात, दिवसाची दुसरी झोप सुटते. दृष्टीआड झालेली आई कोठेतरी आहे, हे त्याला उमगलेले असते. परंतु ती केव्हा परतेल, हे समजण्याइतकी काळाची जाणीव नसते. म्हणून ते भिते.

अशा वेळी गुंगीचे औषध देणे घातक होय. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील गिरणीकामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत. त्यामागे क्रौर्य नव्हते, असहायता होती; तथापि अफूने श्वास मंदावतो व जीवही जाऊ शकतो.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. जेवण, मंद दिवा, अंगाई हा क्रम रोज ठरावीक वेळी पाळावा. मूल उठल्यास दिवा न लावता पाठीवर हात फिरवावा, खेळवू नये. बहुधा काही आठवड्यांत झोप पूर्ववत होते. ताप, कानदुखी वा सततचे घोरणे असल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे. जागरणाचा भार एकट्या आईवर न टाकता वडिलांनी व घरातील इतरांनीही वाटून घ्यावा. थकलेल्या आईला धीर धरणे कठीण जाते.