नदी नेमकी कुठे आटते?

जूनमधला तिसरा शनिवार. ऊन चढायच्या आत अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सान पेद्रो नदीच्या पात्रात माणसं उतरतात. कुणी पायी, कुणी घोड्यावर, हातात जीपीएस. पाणी लागलं की एक खूण, संपलं की दुसरी. मधली वाळू कोरडी, पण तीही नोंदीत येते. ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ने १९९९ मध्ये सुरू केलेल्या या मोजणीत दरवर्षी नदीचा ओल्या-कोरड्या पट्ट्यांचा नकाशा तयार होतो.

पुलापाशी प्रवाह मोजणारं यंत्र असतंच. पण ते पुलापुरतंच बोलतं. तिथे शून्य दिसत असताना थोडं वर डोह भरलेला असू शकतो, आणि मासे त्याच डोहाच्या आधारानं तगतात.

मोजणी जूनमध्येच का? ॲरिझोनातही मान्सून असतो. तो साधारण जुलैत येतो. त्याआधी पात्रात जे वाहतं, ते जमिनीखालून झिरपलेलं पाणी. आसपासच्या विहिरींतून उपसा वाढला, की ओला पट्टा आखडतो. काठची कॉटनवुडची झाडंही दिवसा पाणी ओढतात, म्हणून दुपारी धार रोडावते आणि रात्री थोडी सावरते. पट्ट्याची टोकं अशी सरकती असल्यानं सगळी मोजणी एकाच दिवशी उरकावी लागते.

उरलेल्या ३६४ दिवसांसाठी शास्त्रज्ञांनी एक जुगाड केला. तापमान आणि उजेड नोंदवणारं बाजारातलं छोटं, स्वस्त यंत्र घेतलं, त्याचा उजेडाचा सेन्सर काढला आणि तिथे दोन तारा जोडल्या. तारा पाण्यात असल्या की त्यांच्यातून वीज वाहते, पाणी आटलं की थांबते. तळाशी बांधलेलं हे यंत्र ठरावीक वेळानं नोंद करत राहतं.

फ्रान्सनं साधा मार्ग धरला. २०१२ पासून तिथले सरकारी कर्मचारी मे ते सप्टेंबर दर महिन्याला तीन हजारांहून अधिक ठिकाणी ओढ्यांवर जातात आणि डोळ्यांनी बघून लिहितात: वाहता, थांबलेला की कोरडा.

हा खटाटोप चार-दोन ओढ्यांपुरता नाही. ‘नेचर’मध्ये २०२१ साली आलेल्या अभ्यासानुसार जगातल्या नद्या-ओढ्यांच्या एकूण लांबीपैकी ५१ ते ६० टक्के भाग वर्षातून किमान एक दिवस वाहायचा थांबतो.

महाराष्ट्रातल्या कितीतरी ओढ्यांचं हेच आहे. फ्रान्सची रीत इथे चालवायला वही-पेन्सिल पुरते. गावच्या ओढ्याची धार यंदा कोणत्या तारखेला थांबली आणि शेवटचं पाणी कोणत्या डोहात उरलं, एवढं दरवर्षी लिहून ठेवा.