काळ्या खपलीचा ताप

पावसाळा सरता सरता पनवेल परिसरातल्या एखाद्या तरण्याताठ्या माणसाला ताप येतो, डोळे पिवळे दिसतात, लघवी कमी होते, धाप लागते. अशा वेळी डेंग्यू, मलेरिया, लेप्टोची तपासणी होतेच. पण स्क्रब टायफसही आठवायला हवा. गवत-झुडपांतल्या माइटच्या सूक्ष्म अळ्या चावल्याने याचा जिवाणू शरीरात शिरतो आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो. म्हणूनच यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू एकाच वेळी बिघडू शकतात. काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली न दुखणारी काळी खपली शोधावी, सिगारेटच्या चटक्यासारखी. ती सगळ्यांनाच उठत नाही. तेव्हा आयजीएम एलायझा चाचणी उपयोगी पडते. डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू झालं, तर ताप बहुधा 2 दिवसांत उतरतो. शेतात, रानात, ट्रेकला गेला असाल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा.