छोट्या विमानाच्या चाकातली हवा हळूहळू का उतरते?

पंक्चर म्हटलं की आपल्याला 'फुस्स' आवाज आठवतो. आज आपण ज्या दोषाबद्दल बोलणार आहोत, त्याला आवाजच नसतो. सकाळी गेज लावलं, हवा दोन-तीन पौंड कमी निघाली, भरली. चार दिवसांनी पुन्हा तेच. नांदेड किंवा लातूरच्या विमानतळावर उघड्यावर उभ्या असलेल्या छोट्या विमानाच्या बाबतीत पहिला प्रश्न हा, की चाक खरंच गळतंय, की ही नुसती थंडीची करामत आहे?

हिशेब करून बघू. सेस्ना १७२ एस या विमानाच्या मुख्य चाकांत ४२ पीएसआय हवा लागते. मराठवाड्यात मे महिन्यातल्या दुपारी पारा ४० च्या वर जातो आणि डिसेंबरच्या पहाटे १० च्या आसपास उतरतो. बंदिस्त हवेचा दाब साधारण दर ३ अंशांना १ टक्का बदलतो. म्हणजे ४० अंशांना ४२ भरलेलं चाक १० अंशांना ३७ च्या आसपास दाखवेल, आणि कणभरही हवा बाहेर गेलेली नसेल. फरक ओळखायची खूण सोपी आहे: थंडीने दाब उतरला तर दोन्ही मुख्य चाकांत सारखाच उतरतो. एकच चाक मागे पडत असेल, तर ते गळतंय. मात्र मोजायचं पहाटे, एका बाजूला ऊन लागण्याआधी. विमान नुकतंच उतरलं असेल तर चाकं तापलेली असतात. दोन-तीन तास थांबावं.

आता खऱ्या गळतीकडे येऊ. सुरुवात व्हॉल्व्हपासून. सायकलवाला थुंकी लावून बघतो, आपण साबणाचं पाणी लावू. बुडबुडा आला तर आतली पिन सैल आहे किंवा खराब झाली आहे. व्हॉल्व्हचं टोपण कुणाच्या खिजगणतीत नसतं, पण ते धूळ अडवतं. व्हॉल्व्ह ठीक असेल तर संशय ट्यूबवर. छोट्या विमानांत अजून बहुधा ट्यूबच असते. ती बसवताना घडी पडली, तर तिथे घासून बारीक भोक पडतं. विमान कडेच्या मातीत उभं असेल तर बाभळीचा काटाही विसरू नये. नवीन ट्यूब मात्र पहिल्या दिवशी थोडी हवा सोडल्यासारखी वागते. टायर आणि ट्यूबमध्ये अडकलेली हवा निघून जाते, रबर ताणलं जातं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं.

चाक उघडायचं काम परवानाधारक इंजिनिअरचं. हे चाक दोन अर्ध्या भागांचं, बोल्टांनी जोडलेलं असतं. आत हवा असताना ते बोल्ट ढिले केले तर चाक फुटून माणूस मरू शकतो. आधी सगळी हवा सोडायची, मगच पाना लावायचा.

'रोज भरतो ना, मग झालं,' असं म्हणणारे भेटतात. आम्हाला ते पटत नाही. उतरताना थांबलेलं चाक जमिनीला टेकताच एका झटक्यात फिरायला लागतं. हवा कमी असेल तर टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो. व्हॉल्व्हची दांडी मात्र रिमच्या भोकात अडकलेली. ती तुटली की सगळी हवा एकदम जाते आणि विमान धावपट्टीवरून एका बाजूला खेचलं जातं. यासाठी टायर आणि रिम यांवर मिळून एक रंगाची रेष मारतात. रेष तुटलेली दिसली, की टायर सरकला.

मोठ्या विमानांतही हवेची हयगय महागात पडते. ११ जुलै १९९१ रोजी जेद्दाहून निघालेल्या नायजेरिया एअरवेजच्या डीसी-८ विमानाच्या टायरांत हवा कमी आहे हे आधीच लक्षात आलं होतं, तरी ती न भरता उड्डाण झालं. टायर फुटले, आग लागली, २६१ जण गेले.

म्हणून हवा भरण्याआधीचा आकडा वहीत लिहायचा: तारीख, वेळ, तापमान, तिन्ही चाकं वेगवेगळी. भरल्यानंतरचा आकडा लिहून इंजिनिअरला काहीच कळत नाही; तो रोज ४२ च असतो.