चिंधीलाही नाव असतं!

तुमच्या घरी पलंगाखाली नाहीतर माळ्यावर एखादं बोचकं आहे का? जुन्या साड्या, विरलेलं धोतर, शिवून उरलेले तुकडे, सगळं एकाच गाठीत! आमच्या रिसोडच्या घरीही आईच्या शिवणयंत्राशेजारी असंच एक बोचकं होतं. 'कामी येईल' म्हणत आई एकही चिंधी टाकत नसे.

एका दिवाळीला साफसफाईसाठी मला फडकी हवी होती. बोचक्यात हात घातला, एक हिरवं सुती कापड लागलं. घेतली कातरी आणि केले तुकडे! संध्याकाळी आईनं ते पाहिलं आणि ती गप्पच झाली. आजीच्या लुगड्याचा तो शेवटचा तुकडा होता. आजीला जाऊन वर्षही झालं नव्हतं. आई त्याची गोधडी शिवणार होती. पण ते तिच्या मनात होतं, बोचक्यावर थोडंच लिहिलं होतं?

चूक माझीच. पण त्या दिवशी आम्ही दोघींनी बोचकं सोडलं आणि कापडांना घर दिलं. कसं, ते सांगते.

आधी निवडानिवड. सुती एकीकडे, टेरिकॉट दुसरीकडे, लोकरी तिसरीकडे. का बरं? कोरं सुती कापड धुतल्यावर आटतं, टेरिकॉट जवळजवळ आटत नाही. दोन्ही एकत्र शिवलं तर पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात. म्हणून कापड आधी धुऊन, पूर्ण वाळवून ठेवायचं. ओलसर राहिलं तर बुरशी येते आणि खळ राहिली तर कसर लागते.

मग सारख्या आकाराच्या घड्या करायच्या आणि पुस्तकांसारख्या उभ्या लावायच्या. एकावर एक रचल्या, तर खालची ओढताना सगळा ढीग कोसळतो! बुटांचा रिकामा खोका याला छान चालतो.

प्रत्येक घडीला चिठ्ठी टाचायची. लांबी, रुंदी आणि कापड कोणाचं, हे तिच्यावर लिहायचं. 'दादाचा पहिलीतला सदरा' असं वाचलं, की कातरी आपोआप थांबते!

आता राहिल्या कल्पना. त्यांच्यासाठी एक वही करा. एका पानावर एकच वस्तू : तिचं चित्र, माप आणि कोणत्या खोक्यातलं कापड लागेल ते. समजा, बाळाची गोधडी करायची आहे. शिवून झाल्यावर २० सेंटिमीटरचा चौकोन हवा, तर चारही बाजूंना १ सेंटिमीटर शिवण धरून २२ सेंटिमीटरचा कापावा लागेल. आडवे ५ आणि उभे ६, असे ३० चौकोन जोडले की १०० बाय १२० सेंटिमीटरचा वरचा थर तयार. आहे की नाही गणिताचा उपयोग?

दूर अमेरिकेत, अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकाही जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या आहेत. १९४२ मध्ये मिसूरी पेटवे या बाईंनी आपल्या वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि पांघरल्यावर त्याची ऊब मिळावी म्हणून! २००२ मध्ये या गावच्या गोधड्या ह्यूस्टनच्या मोठ्या संग्रहालयात मांडल्या गेल्या. माझ्या आईच्या मनात याहून वेगळं काय होतं?

आजीच्या लुगड्याचा वीतभर काठ तेवढा वाचला होता. आईनं त्याला चिठ्ठी लावली, 'आजी'. पुढच्या हिवाळ्यात गोधडीच्या मधोमध तो बसला. धावदोऱ्याची शेवटची ओळ तिनं मला घालायला दिली. ती जरा वाकडीच गेली, पण आईनं उसवली नाही.

तर मग येत्या रविवारी सोडा तुमचं बोचकं. एकेक तुकडा हातात घ्या आणि आईला, आजीला विचारा, 'हे कोणाचं गं?' चिठ्ठी नंतर लिहा, आधी गोष्ट ऐका. आणि हो, विचारल्याशिवाय कातरी लावायची नाही हं!