लोकरी कपड्यांची घरगुती धुलाई
लोकरीचे विणलेले स्वेटर, कानटोप्या, मोजे इत्यादी कपडे सुती कपड्यांप्रमाणे धुता येत नाहीत. लोकर केराटिन या प्रथिनाची बनलेली असून तिच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि घासणे यांमुळे हे खवले एकमेकांत अडकून कपडा आटतो व पूर्ववत होत नाही. म्हणून तो रिठ्याच्या कोमट पाण्यात हलकेच दाबून धुतात, न पिळता पंचात गुंडाळून पाणी टिपतात आणि सावलीत सपाट पसरतात. दोरीवर टांगल्यास ओल्या वजनाने वीण ओघळते.

वाशीम जिल्ह्यातील मालेगावसारख्या ठिकाणी थंडी अल्पकाळ असल्याने स्वेटर बहुतेक वर्ष पेटीतच राहतो. तेथे खरे भय कसरीचे. तिच्या अळ्या केराटिन खातात आणि घामाने मळलेली लोकर त्यांना विशेष मानवते. पेटीत कडुनिंबाचा पाला घालण्याची रूढी आहे. तथापि कपडा आधी धुऊन पूर्ण वाळवणे अधिक भरवशाचे. बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचा असतो; त्याला कसर लागत नाही, मात्र गरम इस्त्रीने तो बिघडतो.