पारसचे संच आणि दिवसाची लाइन

जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला. सुमारे ४८५ गिगावॅटपैकी २४३. उद्दिष्ट २०३० चे होते, म्हणजे पाच वर्षे आधीच गाठले. मात्र क्षमता वेगळी आणि हाती आलेली युनिटं वेगळी. कोळशाचा एक मेगावॅट सत्तर टक्के भाराने चालला तर वर्षाला साठ लाखांवर युनिटं देतो. सौरऊर्जेचा एक मेगावॅट पंधरा-सोळा लाखांवर थांबतो. म्हणूनच २०२४-२५ मध्ये देशातल्या एकूण विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती.

अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्याला हा हिशेब परका नाही. पारसचे औष्णिक केंद्र याच तालुक्यात. २५० मेगावॅटचे दोन संच, एक २००८ चा, दुसरा २०१० चा. दिवस मावळला, घरोघरी दिवे-पंखे लागले की भार अशाच संचांवर येतो.

मग सौरऊर्जेने इथे काय साधायचे? माझ्या मते, रात्रीचे ओलित दिवसा आणायचे. कृषिपंपाला आठवड्यातून काही दिवस रात्रीची लाइन. डिसेंबरात हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप बदलायला बॅटरी घेऊन निघायचे. थंडी, साप, रानडुकरं. मोटारीला ‘ऑटो’ लावून घरी झोपावे, तर पाइप कोण बदलणार? घरातल्या दिव्याला संध्याकाळी वीज लागते, तिथे इलाज नाही. पिकाला मात्र पाणी दुपारी दिले तरी चालते. उन्हाची वीज साठवायला महागडी बॅटरी लागते. पंप दिवसा चालवला की तो खर्च वाचतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. त्या वेळी प्रायोगिक प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धी आणि यवतमाळातले कोळंबी निवडले गेले. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात कृषी उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारून त्या भागातले फीडर दिवसा चालवायचे ठरले. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडे. कोरडवाहू कपाशीच्या भरवशापेक्षा हे भाडे अनेकांना बरे वाटेल, आणि त्यात चुकीचे काही नाही. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात सुरू झाला, तीन मेगावॅटचा.

स्वतंत्र पंप हवा त्याला ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. खर्चाचा दहा टक्के वाटा शेतकऱ्याचा, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात.

बाळापूर ज्यात येते त्या पूर्णा खोऱ्याची अडचण इथेच सुरू होते. खारपाणपट्ट्यात बोअर मारली तर पाणी खारे; ते वरचेवर दिले की काळी जमीन चोपण होते. तिथे पॅनल कितीही लखलखीत असले तरी पंपाने उपसायचे काय? योजनेत शेततळ्यावरही पंप मिळतो, तोच या गावांच्या कामाचा. पावसाचे गोडे पाणी तळ्यात धरायचे, आणि हरभऱ्याला घाटे धरायच्या वेळी दुपारच्या उन्हावर एक पाणी द्यायचे. त्यामुळे इथे आधी तळे खोदावे लागते, पॅनल नंतर.