आरेची कारशेड आणि मोबाईलवरील राजकारण

मालाडशेजारच्या आरे वसाहतीतील मेट्रो ३ च्या कारशेडचा वाद आपण जवळून पाहिला. पक्ष समाजमाध्यमांवर धोरणावरून एकमेकांवर कसे तुटून पडतात, हे विद्यार्थ्यांना त्यातून चांगले उमगेल.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली, तोवर २,१४१ झाडे गेली होती. शिवसेना तेव्हा भाजपबरोबर सत्तेत होती. तरीही आदित्य ठाकरे यांनी ट्विटरवरून तोडीचा निषेध केला. सत्तेत राहून विरोध करण्याची ही सोय मोबाईलने फारच सोपी केली आहे! पुढे उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, काम थांबले व २०२० मध्ये कारशेडसाठी कांजूरमार्ग ठरले. आता भाजपने विलंब आणि वाढता खर्च यांवरून हल्ला चढविला. सरकार बदलल्यावर, जुलै २०२२ मध्ये, कारशेड पुन्हा आरेत आली.

या संदेशांत सरळ खोटे थोडे, अर्धे खरे फार. झाडांविषयी बोलणारा सौनिक समितीने आरेचीच जागा सुचविली होती हे सांगत नसे. खर्चाविषयी बोलणारा, केंद्राने कांजूरच्या जमिनीवर हक्क सांगितल्याने डिसेंबर २०२० मध्ये तेथील काम न्यायालयात अडकले, हे वगळत असे.

त्या वेळचे संदेश कोणी जपून ठेवले असतील, तर ते तारीखवार लावून, पाठविणारा तेव्हा सत्तेत होता की विरोधात, हे प्रत्येकापुढे लिहून पाहावे.